घोड्याचे दात पाहता, लेकराचं वय कोण पाहणार?

आज सकाळी गावच्या ग्रुपवर घोड्यांच्या पटाचं, म्हणजे शर्यतीचं, पत्रक आलं. पहिलं इनाम, दुसरं इनाम, प्रवेश फी, घोडा किती दाती (दातांवरून त्याचं वय कळतं), पंचांचा निर्णय अंतिम, सगळं ठळक अक्षरात. तळाशी बारीक ओळ: ‘अपघात झाल्यास कमिटी जबाबदार राहणार नाही.’ घोड्यावर बसणाऱ्याच्या वयाबद्दल एक शब्द नाही. डोकंच फिरलं माझं.

माझा भाचा याच पटात पडला, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. अकरा वर्षांचं लेकरू. घोडा दुसऱ्याचा. मालक माझ्या दादाला, पोराच्या बापाला, म्हणाला, “पोट्टं हलकं हाये, घोडं मस्त पयते.” पंचांनी घोड्याचा ओठ वर करून दात पाहिले, अगदी निरखून. पोराला मात्र कोणी विचारलं नाही, बाबू तू कितवीत आहेस. पाय रिकिबीत पोचत नव्हते म्हणून पट्ट्याला गाठी मारून रिकीब आखूड केली. डोक्याला हेल्मेट नाही, दुपट्टा. शेवटच्या खुणेपाशी माणसं धावपट्टीत घुसली, घोडं बुजलं, पोरगं खाली. अॅम्ब्युलन्स नव्हतीच. कोणाच्या तरी पिकअपमध्ये टाकून नेलं.

दवाखान्याच्या खर्चाचं विचारलं तर उत्तर तयार: “तुमच्या भावाची सही हाये ना ताई.”

सही! अठराच्या आतल्या लेकराशी केलेला करार आपल्या १८७२ च्या करार कायद्यात उभाच राहत नाही. आणि बापाकडून चार ओळी लिहून घेतल्या म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा पुसला जात नाही. मोटारसायकलचं पाहा. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ पासून पालक किंवा गाडीमालक अडकतो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. मग घोड्याचा मालक मिशीला पीळ देत इनाम कसं घेऊन जातो? गाडीला निदान ब्रेक असतो. घोडं बुजलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

ऑलिम्पिकमध्ये घोड्यावरून अडथळे ओलांडायला वयाची अट १८ आहे. ड्रेसाजला, म्हणजे घोड्याला नुसतं तालात चालवायचं, त्यालाही १६. तिथं घोडा शिकवलेला, डोक्यावर हेल्मेट, डॉक्टर हजर. आमच्याकडे ढेकळांच्या वावरात, भोंग्याच्या आवाजात पाचवीतलं पोरगं. अरबांच्या उंटांच्या शर्यतीतही अशीच हलकी पोरं बसवायचे, पाकिस्तान-बांगलादेशातल्या गरिबांची. जगानं थू-थू केली तेव्हा २००५ मध्ये अमिरातीनं बंदी घातली आणि उंटावर यंत्र बसवलं. शर्यती बंद पडल्या का? नाही पडल्या.

हो, मान्य आहे, घोड्यावर लहानपणीच बसलेलं बरं, तोल लवकर येतो. शिकू द्या ना! लगाम मोठ्या माणसाच्या हातात, डोक्याला हेल्मेट, रिंगणात सावकाश. माझा भाचाही तसाच शिकला आणि त्याला घोड्याचं वेड आहे. हात गळ्यात अडकवलेला असताना त्यानं मला पहिलं काय विचारलं असेल? “आत्या, घोड्याले तं लागलं नाही ना?” त्याचं हे वेड मला मोडायचं नाही. त्या वेडावर कोणीतरी इनाम कमावतं, राग त्याचा आहे. दादालाही मी सोडलेलं नाही. पण गावासमोर मालक आणि चार प्रतिष्ठित माणसं गळ घालतात तेव्हा मजुरी करणारा बाप नाही म्हणू शकत नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणूनच हे बापावर सोडू नका, नियम करा.

तान्ह्या पोळ्याला लेकरांच्या हाती लाकडी नंदी देणारा हा मुलूख. लेकराला जनावराचा लळा लागावा आणि लेकरू सांभाळलंही जावं, एवढी अक्कल आपल्या म्हाताऱ्यांना होती.

बैलांच्या शर्यतींसाठी आपण सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलो. २०१४ ला बंदी आली, २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली, २०२३ ला शिक्कामोर्तब झालं. बैलाला चाबूक लावायचा नाही हे आता शेंबडं पोरगंही सांगतं. मग त्याच पोराच्या जिवासाठी एक अट घालायला कमिटीच्या हाताला काय झालं?

सोळाच्या आतलं कोणी शर्यतीत बसणार नाही, आधार कार्ड पाहिल्याशिवाय नाव लिहिणार नाही, हेल्मेटशिवाय घोडा सुटणार नाही, पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोर बांधणार, अॅम्ब्युलन्स उभी ठेवणार, आणि काही झालं तर खर्च कमिटी आणि घोडामालक देणार. हे पत्रकावर छापा, त्याच ठळक अक्षरात. पुढच्या आठवड्यात वर्गणीचं पुस्तक घेऊन येतील, तेव्हा माझ्या दारात हेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा. छापलं नसेल तर एक रुपया देऊ नका.