1993 चा चक्रव्यूह, 2010 ची सरळ रेघ: त्या चित्रात काय चुकतं

फर्स्ट-पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून पाहत गोळ्या झाडायच्या गेमचा विषय निघाला की कुणीतरी एक चित्र पुढे करतंच. डावीकडे ‘1993’: ‘डूम’सारख्या गेमचा खोल्या, दारं, चोरवाटांनी गजबजलेला नकाशा. उजवीकडे ‘2010’: एक सरळ बोळ आणि मध्येमध्ये कट-सीन, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेले सिनेमासारखे प्रसंग. म्हणजे काय, तर पूर्वी डोकं लागायचं, आता नुसतं पुढे चालत राहायचं. ‘डूम’वर माझाही जीव आहे, पण हे चित्र मला पटत नाही.

आधी नकाशाचंच घ्या. ‘डूम’च्या इंजिनला, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली रचता येत नव्हती. जिने होते, खड्डे होते, उंच कट्टे होते. मजल्यावर मजला मात्र नव्हता. म्हणून लेव्हल आडवी पसरायची आणि वरून पाहिली की अख्खी दिसायची. 1996 च्या ‘क्वेक’मध्ये खरी त्रिमिती आली, वाटा एकमेकींच्या वरून-खालून जाऊ लागल्या. तिथून पुढे वरून काढलेल्या नकाशावरून लेव्हलची पारख करणं चूकच.

शिवाय डावीकडे लेव्हल निवडून लावलेली असते. ‘डूम’ची पहिलीच लेव्हल ‘हँगर’ आठवा. सुरुवातीच्या खोलीतून डावीकडे जिन्यावर हिरवं चिलखत, पुढे विषारी द्रवावरून गेलेली नागमोडी वाट, आणि थोड्याच अंतरावर बाहेर पडायचा स्विच. चोरवाटा आहेत, पण मुख्य रस्ता एकच. गेमनेच तिच्यासाठी नेमून दिलेली वेळ 30 सेकंद आहे! तरी ती लेव्हल अप्रतिम आहे, कारण प्रत्येक वळणावर काहीतरी नवं दिसतं.

सरळ रस्ता 2010 ला जन्मला, हेही खरं नाही. 1998 चा ‘हाफ-लाइफ’ बहुतांशी एकमार्गीच आहे. फरक असा की कॅमेरा कधी नायक गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यांतून बाहेर पडत नाही. गोष्ट आपल्याभोवती घडत राहते. सुवर्णकाळाच्या गप्पांत या गेमचं नाव आदराने घेतलं जातं, मग एकमार्गी असणं हा गुन्हा कसा? उलट चेर्नोबिलच्या परिसरात मोकळं भटकू देणारा ‘स्टॉकर’ 2007 चा आणि ‘फार क्राय 2’ 2008 चा.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. 2007 च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी 4: मॉडर्न वॉरफेअर’नंतर युद्धपटासारख्या मोहिमांची लाट आली. सोबत्याच्या डोक्यावर ‘फॉलो’ लिहिलेलं, दार तोच उघडणार, आपण मागे उभे. याचा मलाही राग येतो. पण त्या काळात नकाशा रचण्याचं कसब मेलं नव्हतं, त्यातलं बरंचसं मल्टिप्लेअरकडे, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांशी लढायच्या गेमकडे वळलं होतं. ‘काउंटर-स्ट्राइक’चा ‘डस्ट 2’ हा नकाशा 2001 चा. कागदावर अगदी साधा, पण ‘लाँग’ ही वाट सोडून मधल्या ‘मिड’कडे कधी वळायचं हे कळायला महिने जातात. 2015 च्या ‘रेनबो सिक्स सीज’मध्ये तर भिंतीच फुटतात, म्हणजे खेळता खेळता नवी वाट तयार होते.

राहिला नव्या गेमवरचा आणखी एक आरोप: हेल्थ, म्हणजे खेळाडूचा उरलेला जीव, आपोआप भरते. 2001 च्या ‘हेलो’त ढाल भरायची, 2005 च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी 2’मध्ये हेल्थच भरू लागली, आणि म्हणे गेम सोपे झाले. ‘डूम’मध्ये एफ6 दाबून सेव्ह आणि एफ9 दाबून परत, हे विसरून कसं चालेल? हेल्थ भरते म्हटल्यावर रचणाऱ्याला प्रत्येक चकमक पूर्ण ताकदीच्या खेळाडूसाठी बेतता येते. याची किंमतही आहे: खेळाडू आडोसा धरून बसतो. त्यावरचा सगळ्यात चांगला तोडगा मला 2016 च्या ‘डूम’मध्ये दिसला. तिथे डळमळलेल्या राक्षसाला जवळ जाऊन हातांनी संपवलं की हेल्थ मिळते. त्यामुळे जीव कमी उरला की पळायचं नाही, घुसायचं.