दुबळ्या संघांपुढेच आपण का हरतो?

काल सांगलीत आमच्या महाविद्यालयाचा हॉकी संघ पुन्हा एका अशा संघाकडून १-० असा हरला, ज्याला अकरा खेळाडू जमवतानाच नाकी नऊ आले होते. 'आज दिवसच आपला नव्हता' असे सामन्यानंतर जो तो म्हणत होता. या संघातून तीन वर्षे सेंटर हाफ म्हणून, म्हणजे मधल्या फळीच्या मध्यभागी, खेळलेल्या मला ते मुळीच पटत नाही, कारण बलाढ्य संघांना हीच मुले घाम फोडतात.

तगडा संघ समोर असला की आपले हाफ जागा सोडत नाहीत. दुबळा संघ असला की पहिल्या पंधरा मिनिटांत गोल न झाल्यास फुलबॅक म्हणजे सर्वांत मागचे बचावपटूसुद्धा मध्यरेषा ओलांडून पुढे जातात, समोरचे नऊजण डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, दाटीवाटीने उभे राहतात, आणि त्या गर्दीत आपला प्रत्येक फॉरवर्ड एकट्याने चेंडू घेऊन घुसू पाहतो. कालचा गोलही असाच झाला: चेंडू हिसकावला गेला, एक लांब फटका आला आणि मागे एकटा गोलरक्षक उरला.

या गर्दीवर उपाय नियमातच आहे. पेनल्टी कॉर्नरला गोलरक्षकासह फक्त पाच बचावपटू गोलरेषेमागे राहू शकतात, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. म्हणजे गोलवर आंधळेपणाने फटके मारण्याऐवजी डीमध्ये चेंडू बचावपटूच्या पायाला लागेल असा खेळवला, तर पेनल्टी कॉर्नर मिळतो आणि ती गर्दी आपोआप हटते. काल आपल्याला सात कॉर्नर मिळाले आणि त्यांतल्या पाचांत रेषेवरून आत ढकललेला चेंडू फटक्यासाठी नीट थांबवताही आला नाही. मला पराभवापेक्षा याचेच अधिक वाईट वाटले.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने साखळीतील पाच सामन्यांत ७६ गोल केले, त्यांत हाँगकाँगविरुद्धचे २६ होते. उपांत्य फेरीत मात्र मलेशियाने अगदी शेवटी पेनल्टी कॉर्नरवर २-२ अशी बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये आपल्याला हरवले. सोप्या सामन्यांतले गोल अटीतटीच्या सामन्याची तयारी करून देत नाहीत, हे तेव्हा मला फार लागले होते.

शारीरिक शिक्षण संचालक सरांशी मी बोललो आहे. सोमवारपासून संध्याकाळी साडेपाचला मी मैदानावर येईन. रेषेवरून चेंडू पुश करणारा, तो थांबवणारा आणि फटका मारणारा असे तिघे ठरवून रोज पन्नास कॉर्नर घेऊ, आणि त्या वेळी दोन्ही फुलबॅक आपल्या जागीच उभे राहतील.