मागे काहीही आवरून ठेवू नका

नवरेमंडळी, बायकोने मृत्युपत्राचं नाव काढलं की "शुभ बोल गं" म्हणून विषय तिथेच मोडायचा. साधा कागद, आपली सही आणि समोर सही करणारे दोन साक्षीदार एवढ्यावर भागतं. ना स्टँप लागतो, ना नोंदणीची सक्ती. असल्या फुकटात उरकणाऱ्या कामाला काय प्रतिष्ठा?

लग्नाआधीच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचं नाव असेल तर राहू द्या. नॉमिनी मालक नसतो, पैसा वारसांचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ सालीच सांगितलंय. ती बातमी थोरल्या वहिनींपर्यंत अजून पोचलेली नाही.

तुमच्या पश्चात बायको कोर्टात जाईलच. ठेवी आणि शेअर्ससाठी १९२५ च्या कायद्याखालचं सक्सेशन सर्टिफिकेट, घर-जमिनीसाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारस दाखला. (हो, पेशवाई बुडून नऊच वर्षं झाली होती तेव्हाचा.) हा फरक तिला तिसऱ्या तारखेला कळेल. आधारवर सुनंदा, पासबुकात सुनंदाबाई, शाळेच्या दाखल्यावर माहेरची शकुंतला. तिन्ही बाया एकच, याचं शपथपत्र वेगळं. मग पेपरात जाहीर नोटीस. नाव बदलणारे आणि सातबारा हरवलेले यांच्यामध्ये तुम्ही चार ओळींत "मयत" म्हणून छापून याल. ती नोटीस ज्यांनी वाचू नये, नेमके तेच वाचतील.

आई हयात असेल तर बोलायलाच नको. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि आई यांचा हिस्सा सारखा. म्हणजे थोरल्या भावाला थेट काही नाही, पण उद्या आई गेली की तिच्या हिश्शातून तो तुमच्या फ्लॅटमध्ये शिरतो. तोवर तो दर तारखेला आईला रिक्षाने आणतो आणि पुकारा होईस्तोवर बाकावर तिला पाणी पाजतो. इतकी सेवा त्याने आयुष्यात केली नव्हती.

राहता राहिली कागदांची पिशवी. पॉलिसी आणि पावत्या एका जागी कधीच ठेवू नका. सक्सेशन सर्टिफिकेटात अर्जासोबतच्या यादीतल्याच रकमा येतात. तेव्हा एक पावती गव्हाच्या पिंपाखाली सारून ठेवा. सही-शिक्क्याचा कागद हातात आला की ती मोकळी होऊन दिवाळीची सफाई काढेल, पिंप सरकवेल आणि पुन्हा वकिलांना फोन लावेल. यादी वाढवून घ्यायचा अर्ज निराळा असतो.