जावयांना लावतात तसा जीव

‘बाप मुलांना आणि जावयांना जसा जीव लावतो, तसा मी तुला लावला होता.’

हे एका प्रियकराने प्रेयसीला म्हटलंय, दोन हजार वर्षांपूर्वी, लॅटिनमध्ये. कवी कातुल्लुस. मूळचा व्हेरोनाचा. इ.स.पू. पहिल्या शतकात तो रोमला राहिला, एका विवाहित बाईच्या प्रेमात पडला आणि तिशीच्या आसपास वारला. कवितेत तिचं नाव लेस्बिया, लेस्बॉस बेटावरच्या ग्रीक कवयित्री सॅफोची आठवण म्हणून. खऱ्या आयुष्यात ती बड्या घराण्यातली क्लोडिया असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या जावयापाशी अडले. प्रेमाच्या कवितेत हा कशाला आला? मग आधीची ओळ नीट वाचली. चारचौघं आपल्या बाईवर करतात तेवढंच माझं प्रेम नव्हतं, असं तो म्हणतो. तिच्याबद्दलच्या ओढीला शब्द होते. तिचं भलं व्हावं या इच्छेला प्रियकराच्या बोलीत शब्दच नव्हता. तो त्याने घरातून आणला. आणि मुलांच्या जोडीला जावई आणला हे मला फार मोठं वाटतं. जावई रक्ताचा नसतो, आपण त्याला आपलं म्हटलेलं असतं.

त्याचं हे नेहमीचंच आहे. दुसऱ्या एका कवितेत तो या नात्याला ‘फोएदुस’ म्हणतो. राज्याराज्यांत होणाऱ्या तहाचा हा शब्द.

सगळ्यात लाडकी कविता मात्र मुक्यांची. (‘चुंबन’ मी मुद्दाम लिहीत नाही. त्याने वापरलेला ‘बासियुम’ हा शब्द उपलब्ध लॅटिन साहित्यात पहिल्यांदा त्याच्याकडेच सापडतो. अशा ताज्या, घरगुती शब्दापुढे ‘चुंबन’ फार इस्त्रीचं वाटतं.) कडक म्हाताऱ्यांच्या कुजबुजीला दमडीची किंमत देऊ नकोस, असं तो आधी सांगतो आणि मग मागत सुटतो: हजार दे, मग शंभर, पुन्हा हजार, पुन्हा शंभर, परत हजार, परत शंभर. झाले 3300. आणि मग म्हणतो, आता हा हिशेबच विस्कटून टाकू. तिथलं क्रियापद दिवाळं काढणाऱ्याच्या वह्यांसाठी वापरत. कशासाठी विस्कटायचा? आकडा कळला तर कुणा दुष्टाची दृष्ट लागेल!

ही ओळ मराठीत आणताना मला काहीच करावं लागलं नाही. जेवणाऱ्याचे घास मोजू नयेत, हे ऐकतच आपण वाढलो.

पुढे तिने फसवलं. जावयाचा उल्लेख आहे त्याच कवितेच्या शेवटी तो लिहितो की असा घाव बसला की प्रेम आणखी वाढतं, भलं चिंतणं तेवढं कमी होतं. हे इतकं खरं आहे की ती ओळ वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि मग ती दोन ओळींची कविता. ‘द्वेष करतो आणि प्रेम करतो. असं का करतोस, विचारशील कदाचित. ठाऊक नाही, पण होतंय हे जाणवतं आणि तडफडतो.’ मूळ लॅटिनमध्ये 14 शब्द आहेत, त्यांतली 8 क्रियापदं. नाम एकही नाही, विशेषणही नाही. जावई गेला, तह गेला, दमडी गेली. उसना आणलेला एकही शब्द इथे उरलेला नाही. शेवटचा शब्द ‘एक्सक्रुकिओर’. त्याच्या पोटात क्रूस आहे, माणसाला खिळून मारायचा तो. ‘तडफडतो’मध्ये तो क्रूस येत नाही. तिथे दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.