मासोळीच्या खाद्यातली अळी तुमच्या पोटात वाढत नाही

'बाजारातल्या मासोळीला गटारातल्या अळ्यांची पावडर चारतात. त्या अळ्यांची अंडी मासोळीतून आपल्या पोटात जाऊन वाढतात. आपल्या तलावांतल्या रोहू-कतल्यालाही हेच खाद्य आहे. विदेशी कंपन्यांचा डाव ओळखा. गरोदर बायका, लहान मुलांनी मासोळी बंद करा.' हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि माझ्या भाचीच्या सासरी मासोळी बंद झाली. तिला सातवा महिना आहे. भोईपुऱ्यातून दर रविवारी तिच्यासाठी रोहू यायचा. म्हणून लिहिते आहे.

अंड्यांचं आधी. अळी अंडी घालतच नाही, माशी घालते! खाद्यात वापरतात ती मुख्यतः ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी. ती उष्णता देऊन मारतात, वाळवतात, बरेचदा तिचं तेल काढतात आणि दळतात. उरते ती ढेपेच्या (तेलबियांच्या पेंडेच्या) चुऱ्यासारखी तपकिरी भुकटी. ती मासोळी खाते आणि पचवते. मग आपण तिचं पोट साफ करतो, हळद-मीठ लावतो, तळतो नाहीतर रश्शात उकळतो. यातून कोणतं अंडं जिवंत राहिलं, ते मेसेज पाठवणाऱ्यांनी सांगावं. गोड्या पाण्यातल्या कच्च्या मासोळीतून जंत होऊ शकतात, हे खरं. पण त्याचा खाद्यातल्या अळीशी संबंध नाही, आणि नीट शिजवल्यावर तेही मरतात. आपल्याकडे कच्ची मासोळी खातं कोण?

तलावांबद्दलचा दावाही तसाच. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत रोहू, कतला वाढतात ते पाण्यातल्या प्लवकांवर, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जीवांवर. वरून कोणी टाकलंच तर भाताचा कोंडा आणि ढेप. मरळ मात्र किडे, बेडकाची पिल्लं आपणहून खाते, आणि तीच आपण जास्त भाव देऊन आणतो.

विदेशी डाव? कोसल्यातून (रेशमाच्या कोषातून) धागा काढल्यावर आत उरलेला मेलेला रेशीमकिडा भारतात कितीतरी वर्षांपासून मासोळीच्या खाद्यात वापरतात. गडचिरोली-भंडाऱ्यात टसर रेशीम होतं, रेशीम संचालनालय इथे नागपुरातच आहे.

राहिलं गटार. गायींच्या 'मॅड काऊ' रोगानंतर जनावरांच्या खाद्यातल्या प्राणिज प्रथिनांवर कडक बंदी आणणाऱ्या युरोपियन युनियननेच 1 जुलै 2017 पासून सात जातींच्या कीटकांचं पीठ मत्स्यशेतीतल्या मासोळीच्या खाद्यासाठी खुलं केलं. त्या कीटकांना विष्ठा, हॉटेलचं खरकटं किंवा मांस चारायला तिथे मनाई आहे.

हा नियम युरोपातला आहे, आपला नाही, एवढं मान्य करावं लागतं. अळीला दूषित माल चारला तर कॅडमियमसारखा जड धातू तिच्यात साठू शकतो. माशाच्या तेलाऐवजी अळीचं तेल दिलं तर मासोळीतलं ओमेगा-3 (चांगली चरबी) सुद्धा कमी होतं. तेव्हा अळी कशावर वाढवली, हे खाद्याच्या पोत्यावर छापा, अशी मागणी करा. त्या अर्जावर मी पहिली सही करीन.