बासरी लायब्ररीला दोन स्टार: विक्रेत्याचे उत्तर

नमस्कार. बासरी लायब्ररी (कीबोर्डवर वाजवायचा, रेकॉर्ड केलेल्या बासरीच्या सुरांचा संच) घेऊन तुम्ही दिलेल्या अभिप्रायात तीन तक्रारी आहेत: बासरी ‘मेलेली’ वाटते, पट्टी जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) घ्यायला वेगळा नॉब दिलेला नाही. म्हणून पैसे परत हवेत.

पट्टी दाबल्यावर सूर आपोआप थरथरत नाही, हे खरं आहे. ते मुद्दाम ठेवलं आहे. डेमो गोड लागावा म्हणून अनेक लायब्रऱ्यांत कंप आधीच भरलेला असतो. पहिली ओळ ऐकताना छान वाटतं, तिसऱ्या ओळीला कंटाळा येतो. सेकंदाला पाच-सहा वेळा एकाच मापाने सूर हलवणारा एलएफओ (सॉफ्टवेअरमधली संथ लहर) पाश्चात्त्य फ्लूटला शोभतो. पण दरबारीचा कोमल गंधार घ्या. त्याचं आंदोलन संथ असतं, रिषभाकडे झुकतं आणि दर वेळी थोडं निराळं येतं. एलएफओची एकसारखी लहर (साइन वेव्ह) एकटी सोडली तर तिला हे जमत नाही, तिला वाजवणाऱ्याचा हात लागतो. म्हणून कंपाची खोली मॉड व्हीलवर (कीबोर्डच्या कडेचं चाक; मिडी या कीबोर्ड-संगणकाच्या भाषेत त्याचा नियंत्रण क्रमांक, म्हणजे सीसी, १) आणि वेग आफ्टरटचवर (दाबून धरलेल्या पट्टीवरचा जादा दाब) जोडला आहे. तुम्ही टाकलेल्या फोटोतल्या २५ पट्ट्यांच्या कीबोर्डला मॉड व्हीलच नाही, त्यामुळे खोली कायम शून्यावर राहते. एखादा मोकळा स्लाइडर मिडी लर्नने (नियंत्रण जोडून देणारी सोय) सीसी १ ला जोडा, नाहीतर ऑटोमेशन (वेळेनुसार बदलाची रेषा) माउसने आखा. एवढं करायचं नसेल तर ‘तयार कंप’ हा पॅच (तयार आवाज) त्याच फोल्डरमध्ये आहे. बीजीएमच्या (पार्श्वसंगीताच्या) घाईत तो चालून जातो. मला स्वतःला आवडत नाही.

वेलोसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते, दाबतानाच ठरते आणि मग बदलत नाही. तबल्याला ती पुरते. बासरीत सूर चालू असतानाच फुंक कमी-जास्त होते. त्यामुळे आवाजाची पातळी सीसी ११ वर आहे, वेलोसिटीकडे फक्त सुरुवातीचा फुंकरीचा खरखराट आणि फिल्टर किती उघडायचा ते.

मींडेचा नॉब न देण्यामागे साधं गणित आहे. साध्या सीसीला १२८ पायऱ्या असतात. खाली-वर एकेक सप्तक म्हणजे २४०० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) त्यात बसवले तर एक पायरी जवळपास १९ सेंटची होते आणि मींड जिना उतरल्यासारखी ऐकू येते. पिच बेंडला (सूर वर-खाली वाकवणारा मिडी संदेश) १६,३८४ पायऱ्या मिळतात, म्हणून मींड तिथे आहे. तुमच्या कीबोर्डवरच्या पिच बेंडच्या पट्टीने ती आत्ताही चालेल. फक्त सॅम्पलरमधली बेंड रेंज १२ अर्धस्वरांवरून २ वर आणू नका.

पैसे परत देता येणार नाहीत. लायसन्स सक्रिय झाल्यावर परतावा नाही, हे खरेदीच्या पानावर लिहिलं आहे. मॉड व्हील किंवा स्लाइडर लागेल, हेही तिथेच आहे. पण खरेदीच्या ईमेलला उत्तर म्हणून तुमच्या ट्रॅकची मिडी फाइल पाठवलीत तर सीसी १ आणि ११ आखून परत पाठवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सोबत राग आणि लय कळवा.