खाणीचा परिणाम नगण्य कसा ठरवावा

गेल्या महिन्यात आमच्या गावाशेजारच्या खुल्या कोळसा खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी झाली. वेळ सकाळी अकराची होती, साहेब पाऊण वाजता आले, आणि बोलण्यासाठी माझे नाव पुकारले गेले तेव्हा नेमका माईक बंद पडला. तो सुरू होईपर्यंत मी मांडीवरचा, विस्ताराच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल चाळत बसलो आणि तेवढ्या वेळात माझ्या ध्यानात आले की एखाद्या प्रदेशातून पुढील तीस वर्षे किती कोळसा काढावा आणि त्याने तेथील पाण्याचे, मातीचे, माणसांचे काय होईल, हे सांगणे वाटते तितके अवघड काम नाही. आपल्यापैकी कोणाला या व्यवसायात उतरायचे असेल, तर पुढील मार्गदर्शन विनामूल्य आहे.

निष्कर्ष सर्वांत आधी लिहून घ्यावा. आकडे त्याच्या मागून येतात.

हंगामाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. नियमानुसार पावसाळा वगळून एका हंगामाची निरीक्षणे पुरेशी असतात आणि कोणता हंगाम घ्यायचा हे आपल्याच हाती असते. जाणकार मंडळी दिवाळीनंतरचा काळ निवडतात, कारण त्या दिवसांत विहिरी भरलेल्या असतात, नाले वाहत असतात, शेतात कापूस फुटलेला असतो आणि छायाचित्रेही हिरवीगार येतात. चंद्रपूरचा मे महिना, ज्यात पारा 47 अंशांपर्यंत जातो आणि बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, तो आपल्या अहवालात चुकूनही येऊ देऊ नये.

पशुपक्ष्यांची यादी स्वतः करण्याचा खटाटोप करू नये. रत्नागिरीतील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातले उतारे सापडल्याचे प्रकरण पूर्वी गाजले होते. त्यापासून घ्यायचा धडा इतकाच की नक्कल शक्यतो देशातल्या देशात करावी.

गावात जाणे टाळावे. गेलेच तर गाडीच्या काचा वर ठेवाव्यात.

मूळ अहवाल इंग्रजीत आणि जाडजूड असावा. मराठी सारांश द्यावाच लागतो, तो अशा व्यक्तीकडून करून घ्यावा जिची मराठीशी केवळ तोंडओळख आहे. आमच्या सारांशात ‘फरारी धूळ नियंत्रणात ठेवली जाईल’ असे वाक्य आहे; उडून पसरणाऱ्या धुळीला इंग्रजीत ‘फ्युजिटिव्ह डस्ट’ म्हणतात, त्याचे हे शब्दशः भाषांतर. वाचून क्षणभर वाटले की पोलिसांत तक्रार द्यावी, परंतु ही धूळ फरार नाही. ती रोज सकाळी आमच्या ओसरीवर, तुळशीच्या पानांवर आणि वेचलेल्या कापसावर हजर असते, आणि त्या काजळीपायी व्यापारी क्विंटलमागे भाव पाडतो तेव्हा त्याला कोणताही सारांश वाचून दाखवण्याची गरज भासत नाही.

आता या शास्त्रातील मुख्य विद्या, म्हणजे वर्तुळ काढणे. खाणीभोवती 10 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे, त्यात आपल्या खाणीचा परिणाम मोजावा, तो नगण्य असल्याचे लिहावे आणि त्याच वर्तुळात येणाऱ्या इतर खाणी नकाशावर फिक्या रंगात दाखवून विसरून जाव्यात. वर्धा खोऱ्यात ही विद्या विशेष फळते, कारण येथे वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर अशा खाणी एकमेकींना इतक्या लागून आहेत की वर्तुळांत वर्तुळे अडकलेली असतात. माझी विहीर चार वर्तुळांत येते. चारही अहवालांत तिच्यावरील परिणाम नगण्य आहे. चार नगण्यांची बेरीज किती होते हे मी सुनावणीत विचारणार होतो, पण माईक बंद होता.

ही बेरीज का टाळावी लागते, तेही समजून घ्यावे. आमच्याकडील कोळसा बराकर नावाच्या खडकांच्या थरात आहे आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्यावर कामठी नावाचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा खडक, आहे. हा वालुकाश्म म्हणजे या भागातील पाण्याची तिजोरी, आमच्या विहिरींना आणि हातपंपांना पाणी पुरवणारा खडक. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी तोच फोडावा लागतो, आणि खाण कोरडी ठेवण्यासाठी पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. एक खाण पाणी उपसते तेव्हा आजूबाजूची पातळी थोडी उतरते. पाच खाणी उपसतात तेव्हा त्यांचे उतार एकमेकांना मिळतात आणि मधल्या गावांखालचे पाणी निघून जाते. याला काही फार मोठी विद्वत्ता लागत नाही, एकाच माठाला पाच पेले लावले तर काय होते हे घरातले लहान मूलही सांगेल. खणून काढलेल्या मातीचे डोंगर पुन्हा नदीकाठी रचले जातात. इरई नदीच्या काठाने गेलेल्या कोणालाही ते दिसतात, आणि चंद्रपूरच्या वस्त्यांत पुराचे पाणी शिरले की सगळेच पुन्हा त्या ढिगाऱ्यांकडे बोट दाखवतात. पण पूर एका खाणीमुळे येत नाही ना, म्हणून तो कोणत्याच अहवालात येत नाही. एक बेरीज मात्र झाली होती. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांतील हवा, पाणी आणि जमीन यांच्या प्रदूषणाची एकत्रित मोजणी केली, तेव्हा सर्वाधिक प्रदूषितांत चंद्रपूर 83.88 गुणांसह चौथे आले आणि जानेवारी 2010 मध्ये नव्या प्रकल्पांवर स्थगिती आली. पुढे स्थगिती उठली, आणि आम्ही परत एकेका वर्तुळात जाऊन बसलो. ऑस्ट्रेलियात कोळसा खाणी आणि कोळशातील वायू यांचा पाण्यावरील परिणाम तपासण्यासाठी 2012 पासून स्वतंत्र तज्ज्ञ समिती आहे, आणि हंटर, नामोई, गॅलिली यांसारख्या अख्ख्या प्रदेशांत चालू आणि नियोजित खाणी मिळून पाण्याचे काय करतील याचा हिशेब तेथे मांडला गेला. त्यामुळे तिकडच्या खाणी बंद झाल्या असे नाही. पण निदान हिशेब तरी लोकांसमोर आला. आमच्याकडे एका जिल्ह्यातल्या खाणींचे अहवाल एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवायलाही कोणी तयार नाही.

वायूचा विषय ‘भविष्यातील संधी’ या मथळ्याखाली दोन ओळींत संपवावा. कोळशाच्या थरातील मिथेन काढण्याचे धोरण देशात 1997 मध्ये आले, राणीगंजला 2007 पासून व्यापारी उत्पादन सुरू झाले, वगैरे लिहिले की ज्ञान दिसते. हा वायू थरातील पाण्याच्या दाबाने कोळशाला धरून असतो, म्हणून तो सुटण्याआधी ते पाणी उपसून काढावे लागते, ते बरेचदा खारे असते आणि कुठे सोडायचे हा प्रश्न उरतो, एवढे मात्र लिहू नये. लोक उगाच विचारू लागतात.

खाण संपल्यावर राहणाऱ्या खड्ड्यास ‘जलाशय’ म्हणावे.

येथवर मी हसत लिहिले. पण त्या दिवशी माईक बंद असताना मी परिशिष्टातील विहिरींचा तक्ता उघडला आणि त्यात माझी विहीर सापडली. मालकाच्या रकान्यात माझ्या वडिलांचे नाव आहे. शेजारच्या खाणीचा जुना अहवाल माझ्या घरी आहे, तो रात्री काढून पाहिला, तर पाण्याची पातळी दोन्हीकडे दशांशासकट सारखीच: 4.35 मीटर. म्हणजे विहिरीवर कोणी आलेच नव्हते. गेल्या मे महिन्यात मी स्वतः दोराला दगड बांधून मोजले तेव्हा पाणी अकरा मीटरखाली होते, आणि ते वहीत तारखेसह लिहिलेले आहे.

तेव्हा आता सरळच बोलतो. ज्यांनी हा तक्ता चिकटवला त्यांनी, ज्यांनी न वाचता सही केली त्यांनी, आणि मंचावर बसून मोबाइलमध्ये बघत ‘लेखी द्या’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. तुम्हाला कोळसा हवा आहे हे आम्हाला कळते. आमच्याही घरात वीज आहे आणि गावातली निम्मी पोरे खाणीतच कामाला आहेत. खाणच नको असे त्या मंडपात कोणी म्हटले नव्हते. लोक विचारत होते की पाणी किती खाली जाईल, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे पैसे घेऊन तुम्ही ते शोधले नाही. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेले, कारण खाली जुन्या खाणीची पोकळी होती. त्या पोकळीवर घरे उभी आहेत हे नोंदवणे हे कोणाचे तरी काम होते. तुमच्यासारख्याच कोणाचे तरी. लाज वाटत नसेल तर निदान दोर घेऊन या, विहीर दाखवायला मी येतो, मे महिन्यात या, आणि येण्याआधी तक्त्यातून माझ्या वडिलांचे नाव काढा. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली.